दिग्गी ते गुवाहाटी, एका उन्हाची वाट

"अक्का, इमानानं किती लांब?"

रामनगरच्या माझ्या तिकिटांच्या दुकानात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता कुणी पायरीवर पाय ठेवला की मीच आधी विचारते, "कुठनं मोजू? तुमच्या उंबऱ्यापासनं की विमानतळापासनं?" माणूस गोंधळतो. मग मी त्याला बाकावर बसवते, पाण्याचा तांब्या पुढं करते आणि माझं पुराण लावते. या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या धंद्याबद्दल लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, मला लिहायला कुठं येतंय, मला बोलायला येतंय. त्या म्हणाल्या, मग बोलल्यासारखंच लिहा. तेव्हा तुम्हीपण आता माझ्या बाकावर बसलाय असं समजा. पाणी ज्याचं त्यानं घ्या.

दुकान कसं काढलं, कधी काढलं ते सांगत बसत नाही. आधी इथं फोनचा डबा होता, मग बसची तिकिटं, मग रेल्वेची, मग विमानाची. माझी शाळा सातवीपर्यंत, तीपण खानापूरकडच्या खेड्यात. कॉम्प्युटर मी एका बोटानं शिकले आणि अजून एकाच बोटानं चालवते. आता दुकान सून बघते, ती दहा बोटांनी चालवते. पण गिऱ्हाईक आलं की ती मला हाक मारते, "अत्ती, तुमचं माणूस आलंय." माझं माणूस म्हणजे ज्याला तिकीट कमी आणि धीर जास्त लागतो ते.

धंद्यातली गोष्ट साधी आहे. बाहेरच्या लोकांना अंतर आणि वेळ एकच वाटतात. तसं नसतंय. माझ्याकडं बेळगावातनं आणलेला पृथ्वीचा एक गोल आहे. खेळण्यातलाच, तळाची बैठक मोडलेली, म्हणून मी तो भाताच्या मापट्यावर ठेवते. गिऱ्हाइकानं गाव सांगितलं की शिवणाचा दोरा घेते, एक टोक गोव्यावर, दुसरं त्या गावावर, आणि ताणून दाखवते. "हे बघा, हे अंतर." मग दोरा सोडते आणि म्हणते, "पण माणूस काय दोऱ्यावरनं जात न्हाई." सरळ विमान नसतंय. आधी बेंगळूरला किंवा मुंबईला न्यायचं, तिथं बसवून ठेवायचं, मग दुसऱ्यात घालायचं. आणि विमानात बसायच्या आधी आपला जोयडा तालुका ओलांडायचा. जंगलातल्या आमच्या गावांना विचारा, आभाळातला रस्ता कधीच अडत नाही, अडतो तो घरापासनं डांबरापर्यंतचा. म्हणून मी वेळ सांगते ती उंबऱ्यापासनं उंबऱ्यापर्यंतची. विमान त्यात मधल्यामध्ये येतं, लग्नात फोटोवाला येतो तसं.

दुबईला जाणारे एक व्यापारी होते, इथल्या बाजारातलेच. तिकीट हातात घेऊन चष्मा वरखाली केला आणि म्हणाले, "अक्का, दीड-दोन तासांत दुबई? म्हणजे ती कारवारपेक्षा जवळ झाली की!" मी म्हटलं, "मालक, तिथलं घड्याळ मागं असतंय. निघायची वेळ आपली लिहितात, पोचायची त्यांची." ते हो हो म्हणाले. परतीचं तिकीट बघितलं, त्यात जवळजवळ पाच तास. थोडा विचार केला आणि मला म्हणाले, "बरोबर हाय. येताना चढ असणार." मी समजावायचं सोडून दिलं. आजपण ते बाजारात सांगतात की दुबईहून येताना विमानाला चढ लागतो.

आणि गोव्याचे दोन विमानतळ! देवा रे. दाबोळी एकीकडं, मोपा दुसरीकडं. कुळगीच्या एका नवराबायकोला मी तिकिटावर लाल पेनानं "मोपा" असं मोठं लिहून दिलं होतं. जीपवाल्यानं दाबोळीला नेऊन सोडलं, कारण त्याच्या मते विमानतळ म्हणजे दाबोळी, मोपा हे फणसाचं नाव वाटतं. बाईचा फोन आला, "अक्का, इमान दिसतंय, पण आमास्नी आत घेईनात." शेवटी दुसऱ्या दिवशी गेले. ती बाई परत आल्यावर भेटली तर खुशीत. म्हणते, "बरं झालं, एका खेपेत दोन इमानतळ बघून झालं."

असे पुष्कळ किस्से आहेत. पण मला सांगायचंय ते दुर्गाबायचं. ते सांगितल्याशिवाय माझं अंतराचं पुराण पुरं होत नाही, आणि त्यात माझीच कशी फजिती झाली तेपण तुम्हाला कळेल.

दुर्गाबाय दिग्गीची. दिग्गी म्हणजे आमच्या तालुक्यातलं पार आत, जंगलाच्या पोटातलं गाव. भात, नाचणी, माडाच्या सावलीतली कंदांचे वाफे, असं तिचं सगळं. नवरा गेलेला, एकच लेक, पारू. पारूचा नवरा मिलिटरीत, तो नोकरीला गुवाहाटीकडं, म्हणून पारूपण तिकडंच. पौषातल्या एका बाजारच्या दिवशी दुर्गाबाय दुकानात आली, कमरेचा पदर घट्ट खोचलेला, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बाय, गुवाटी किती लांब?"

मी बसवलं. पाणी दिलं. पारूला दिवस गेले होते आणि आता थोडेच उरले होते. रीत अशी की लेकीनं माहेरी यायचं. पण डॉक्टरनं पारूला प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं, कारण पहिल्या वेळचं मूल हाताला लागलं नव्हतं. जावयाची ड्यूटी सरहद्दीवर, सुट्टी मिळणार ती बाळंतपण झाल्यावर. म्हणजे आईनंच जायला हवं.

"पयल्या वेळी मी न्हवते," दुर्गाबाय म्हणाली. "ती एकटी होती. आनि ती इथनं गेली तवा देवाला इचारलंपन न्हवतं. घाईत राहून गेलं. तेच मला खातंय बघ."

तिच्या गावात कुणी दूरच्या वाटेला निघालं की गावच्या राखणदार देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची कळी आधी पडली तर जा, डावीकडची पडली तर थांब. पहिलं मूल का गेलं ते डॉक्टरनं पारूला सांगितलं होतं आणि पारूनं मला फोनवर सांगितलं होतं, त्यात कौलाचा काही संबंध नव्हता. पण आईच्या पोटात जी गाठ बसलीये ती डॉक्टरच्या कागदानं सुटत नाही. मी उठले. गोल काढला, दोरा ताणला. गोव्यापासनं गुवाहाटीपर्यंत बावीसशे किलोमीटरच्या आसपास. दुर्गाबायनं दोऱ्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यात आपली दिग्गी कुठं?" मी म्हटलं, "दोऱ्याच्या गाठीखाली."

"रेल्वेनं गेलीस तर कॅसलरॉकला गाडीत बसायचं, कलकत्त्यात बदलायची, तीन राती वाटेत. विमानानं गेलीस तर सकाळी निघून सांजच्याला लेकीकडं."

"एका दिसात?"

"एका दिसात."

तिनं दोऱ्यावरनं बोट काढलं. मग म्हणाली, "तिकीट काढून ठेवू नको. आधी कौल." मी म्हटलं, "अगं, जागा संपतात." ती म्हणाली, "देवाची परवानगी न्हाई आनि जागा हाय, त्या जागेवर बसू कशी?" आणि गेली.

चार दिवसांनी तिचा फोन. दिग्गीत फोन लागत नाही, ती टेकडीवर चढून बोलत होती, वाऱ्याचा आवाज जास्त आणि तिचा कमी. "बाय, डावी पडली." एवढंच. आणि मग हुंदका, तो मात्र स्पष्ट ऐकू आला.

मी दुकान सुनेवर टाकलं आणि जीप केली. आमचे हे म्हणाले, "तिकीट विकायला देवाशी भांडायला चाललीस का?" मी म्हटलं, "देवाशी न्हाई, मिराशींशी."

सोमाकाका मिराशी म्हणजे त्या देवाचं सगळं बघणारे. पंच्याहत्तरीचे, वाळल्या बांबूसारखे सरळ आणि तेवढेच न वाकणारे. देवळापुढच्या दगडावर बसून पान लावत होते. दुर्गाबाय शेजारी डोळे पुसत होती.

"सोमाकाका," मी म्हटलं, "कौल लावताना विचारलंत काय?"

"इचारनार काय! दुर्गी तीन रातींच्या वाटेवर निघालीया, राखन करशील का? तो न्हाई म्हनला."

"तीन राती कुठनं आल्या?"

"जावयानंच सांगितल्यात. लग्नात आला तवा तीन राती गाडीत होता. वाटेवरची रात म्हंजे काय असतीया ठाव हाय न्हवं तुला? दिवा न्हाई, उंबरा न्हाई. अशी एक रात देव राखतो, दोन राखतो. तीन म्हंजे त्यालापन जड."

आता मला कळलं गाडं कुठं अडलंय. ही आमच्या डोंगरातली मोजायची रीत आहे. जवळचं गाव किती लांब म्हटलं की सांगतील, एका पानाची वाट. म्हणजे तोंडातलं पान संपेपर्यंत पोचाल. आणि लांबचं गाव मोजायचं ते वाटेत पडणाऱ्या रातींनी. सोमाकाकांनी देवाला रेल्वेचं अंतर विचारलं होतं, आणि बाई जाणार होती विमानानं!

"काका, ती विमानानं जाणार. वाटेत एकपण रात न्हाई."

"किलोमीटर किती?"

"बावीसशे."

"रेल्वेनं?"

"त्याहून बरेच जास्त, वळसा पडतो."

"वळसा सोड. लेक हाय तिथंच हाय न्हवं? मग इमानात बसलं म्हनून जमीन आखडती काय?"

"जमीन न्हाई आखडत काका. रात आखडती."

सोमाकाकांचं पान तोंडाजवळच थांबलं. दुर्गाबायनं डोळ्यांवरचा पदर काढला. मी पुढं रेटलं, "तुम्हीच सांगा, देव किलोमीटर मोजतो की राती मोजतो?"

"राती," ते म्हणाले. म्हणावंच लागलं.

"मग चुकीचं विचारलंत. परत विचारा."

"एकदा इचारलेलं परत इचारत न्हाईत. देवाला काय बाजारातली वांगी समजलीस, परत परत दर इचारायला?"

"तेच कुठं विचारायचंय? हा प्रश्नच दुसरा. तीन रातींची वाट न्हाई, एका उन्हाची वाट."

सोमाकाकांनी पान खाल्लं. अगदी सावकाश, संपेपर्यंत. मग उठले, हात धुतले आणि माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "एका उन्हाची म्हनतीस. मग नीट सांग. रामनगरात तुझ्याकडं निजंल, ती रात धरत न्हाई, आपल्याच मुलखातली. घाटाच्या तोंडाला सूर्य उगवताना ती वाटेला लागनार. आनि सूर्य बुडायच्या आत मायलेकी भेटनार. व्हय?"

मी मनात हिशेब केला. चारच्या पुढं विमान उतरतंय. आपल्याकडं सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो. मध्ये चांगली ऐसपैस फट. दुबईसारखं दुसरं घड्याळ असतं तर गोष्ट वेगळी, पण देश एक, घड्याळ एक. मी छाती पुढं काढून म्हटलं, "व्हय. मी जामीन."

कळ्या लावल्या. ओल्या दगडावर लाल लाल कळ्या. सोमाकाका देवाशी अगदी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले, एका उन्हाची वाट हाय, रामनगरची अक्का जामीन हाय, काय ते बघ. आम्ही तिघंही श्वास धरून. एक मुंगी दगडावरनं डावीकडच्या कळीकडं निघाली, तेव्हा मला वाटलं आता संपलं. मुंगीनं कळीला वळसा घातला. आणि उजवीकडची कळी टप् करून पडली.

दुर्गाबायनं माझा हात असा दाबला की बांगडी वाकडी झाली. ती अजून वाकडीच आहे.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली ती गाठोड्यांसकट. कणंगं, कोनफळं असले कंद, उकडे तांदूळ, आमसुलं, आणि धडप्यात गुंडाळलेली कोयती. मी म्हटलं, "बाई गं, ही कोयती विमानात?" ती म्हणाली, "बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड नको? तिकडं आनि कुठली मिळंल, ह्याच कोयतीवर पारू जलमली." मी ती कोयती मोठ्या पेटीत, खाली जाणाऱ्या सामानात, कणंगांच्या मध्ये बांधून घातली. धारदार वस्तू जवळच्या पिशवीत चालत नाही, खालच्या सामानात चालते, हेपण धंद्यातलंच ज्ञान. विमानतळावर पोलिसबाईनं जवळच्या पिशवीतलं कणंग मात्र उलटंपालटं करून बघितलं. त्याची केसाळ, काटेरी मुळं बघून तिला तो काय बॉम्ब वाटला की काय कोण जाणे. दुर्गाबायनं तिला कणंग कसं उकडायचं ते सांगितलं. म्हणाली, "मीठ विसरू नको."

हे मी लांबनं, काचेतनं बघत होते, बोलणं तिनं मागनं सांगितलं. तिला दाबोळीला सोडायला मीच गेले होते. पहाटे निघालो ते नेमके अनमोडच्या घाटात असताना डोंगरावरनं सूर्य वर आला. तिनं जीप थांबवायला लावली, उतरून हात जोडले आणि सूर्याला म्हणाली, "चल, दोगं बरोबरच निगू." मला तेव्हा गंमत वाटली होती.

अडाणी, एकट्या माणसाला विमान बदलायचं असलं की मी चाकाची खुर्ची मागवते. खुर्ची मागितली की ती ढकलायला एक माणूस मिळतो, तो थेट दुसऱ्या विमानापर्यंत पोचवतो. दुर्गाबायला मी हे आधीच सांगितलं होतं. पण खुर्ची आली तशी ती भडकली. "मी काय पांगळी हाय? दिग्गीचा चढ रोज चढतीया मी!" शेवटी तिनं तोडगा काढला. पिशवी खुर्चीत बसवली आणि स्वतः त्या माणसाबरोबर चालत गेली. कणंगं खुर्चीत बसून राणीसारखी गेली. वळणावर तिनं मागं बघून ओरडून सांगितलं, "बाय, म्हाका भंय ना!" आणि दिसेनाशी झाली. भीती नाही म्हणाली. मला होती.

दुपारी दुकानात परत आले तर बाकावर सोमाकाका. काठी गुडघ्यात, टोपी डोळ्यांवर. "म्हटलं, जामीन हाय तिच्यासमोरच बसावं." माझ्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपार कलली की ऊन पायरीवर येतं आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तिथंच असतं. सोमाकाका त्या उन्हाकडं बघत बसले, भाताच्या खळ्यावर राखणीला बसावं तसं.

बेंगळूरहून दुर्गाबायचा फोन आला. दुसरं विमान उशिरा सुटणार. थोडाच उशीर, पण माझ्या फटीतला एक तुकडा गेला. सोमाकाकांनी विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काय न्हाई, विमानाला जरा दम लागलाय."

त्यानंतर फोन आला तो पारूचा. पोटुशी पोर, शेजारणीला घेऊन विमानतळाच्या दाराशी येऊन उभी होती. "अक्का, आईचं विमान अजून उतरलं न्हाई. थंडी वाजाय लागली. दिवे लागले हितं."

"दिवे?" मी म्हटलं. "अगं आत्ता कुठं दिवे?"

"काळोख पडलाय न्हवं! हितं ह्या दिसांत साडेचारलाच सूर्य बुडतो, अक्का. पूर्वेला न्हाई का आपण?"

तिनं हे इतकं सहज सांगितलं!  घड्याळ एक, पण सूर्य? सूर्य कुणाचं घड्याळ बघून चालतो काय? तो पूर्वेला आधी उगवतो आणि आधीच बुडतो. शेजारी मापट्यावर पृथ्वीचा गोल होता. इतकी वर्षं त्यावर दोरा ताणला, पण तो गोल कधी दिव्यासमोर धरून फिरवला नव्हता.

माझं दुर्दैव असं की मला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. सोमाकाकांनी सगळं ऐकलं होतं.

"काका, चा घेता?" मी म्हटलं.

"चा राहू दे. काळोख पडला म्हनली का न्हाई?"

"म्हणाली."

"दुर्गी अजून वरच हाय?"

"हाय."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी तुम्हाला सांगते, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला देवाची भीती नव्हती वाटत. मला भीती होती दुर्गाबायची. ती विमानातनं उतरणार, दार उघडणार आणि समोर काळोख. तिला वाटणार, राखण तुटली. पहिल्या वेळी विचारलं नाही आणि या वेळी विचारून मोडलं. ही गाठ पोटात घेऊन ती लेकीच्या उशाशी बसणार, आणि आईच्या तोंडावरची भीती लेक काय वाचणार नाही? जिला धीर द्यायला धाडली तीच धास्ती घेऊन जाणार. आणि हे सगळं मी जामीन राहून केलेलं.

आम्ही दोघं बसून राहिलो. सून चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. पायरीवरचं ऊन पिवळ्याचं तांबूस व्हायला लागलं.

फोन वाजला. आधी नुसतं रडणं, दोघींचं मिळून. मायलेकी भेटल्या की अशाच रडतात हे ठाऊक असूनपण मी बाकावरनं उठून उभी राहिले. मग दुर्गाबायचा आवाज, खणखणीत.

"बाय! पोचले गं मी. पारू हितंच हाय, माझ्या हाताला धरून."

"बरं झालं गं," मी म्हटलं.  "दुर्गाबाय... तिथं..."

"हंगा काळोख पडलो," ती म्हणाली. "इमानाच्या खिडकीतनं बघत हुते मी. सकाळी बरोबर निघालेला सूर्य माझ्या मागं मागं राहत गेला. आमी फुडं, त्यो मागं. मग गेलाच." आणि जरा थांबून विचारलं, "थंय, तुज्याकडं, ऊन आसा?"

मी पायरीकडं बघितलं. सोमाकाकांनी पण बघितलं. पायरीच्या कडेला, काठीच्या टोकाशी, हातभर ऊन होतं.

"हाय," मी म्हटलं. "पायरीवर हाय अजून."

"मग झालं की! तू कशाला घाबरी? राखणदार दिग्गीचा, त्यो दिग्गीचंच ऊन बघणार. गुवाटीचं ऊन त्याला कोन दाखवतंय? आमी भेटलो तवा त्याच्या गावात ऊन हुतं. सोमादादाला सांग."

सांगायची गरजच नव्हती. सोमाकाकांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. उठून पायरीवर गेले, त्या हातभर उन्हात दोन पावलं ठेवून उभे राहिले, जसं काही त्याच्यावर शिक्काच मारला. आणि वळून म्हणाले, "आता चा सांग. ह्यो गार झाला."

पुढं आठवड्यानं, एका सोमवारी, मी अंथरुणातनं उठले नव्हते तेव्हा फोन आला. आमच्याकडं अजून अंधार होता, कोंबडं नुकतंच आरवत होतं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप, कोयती उशाखाली. दुर्गाबाय म्हणाली, "सूर्य ह्या एवढा वर आलाय बघ!" मी खिडकीतनं बघितलं तर काळोख. मला हसूच फुटलं. आमच्या लोकांचा वार बदलतो तो सूर्य उगवल्यावर, आणि दुर्गाबायच्या गावात जुन्या रीतीनं मुलाला जन्मवारावरनं नाव ठेवतात. तिकडं सोमवार उजाडला होता, आमच्याकडं अजून रविवारच चालू होता. आता पोरगी रविवारची की सोमवारची?

बाजाराला सोमाकाका आले तसा मी त्यांना पेच घातला. "काका, तुमच्याच हिशेबानं, दिग्गीचं ऊन धरायचं ना? मग रविवार."

ते अजिबात डगमगले नाहीत. "राखनदाराला दिग्गीचं ऊन. पोरीला तिचं ऊन. ती जिथं जलमली तिथला सूर्य तिचा. सोमवारच."

"तुम्हीपण सोमवारचेच ना? म्हणून सोमा?"

"व्हय तर," ते म्हणाले आणि पान लावायला लागले. कान मात्र लाल झाले होते.

जावयानं पोरीचं शाळेतलं नाव काही वेगळं ठेवलंय, पण दिग्गीत ती सोमीच. उन्हाळ्यात पारू, जावई, दुर्गाबाय आणि ती पोर, सगळे विमानानं आले. तिकिटं अर्थातच माझ्याकडनं. या वेळी मी शहाणी झाले होते, दोन्हीकडच्या सूर्याची वेळ आधी बघून ठेवली होती. जीप दुकानापुढं थांबली तेव्हा ऊन अजून पायरीवर भरपूर होतं. दुर्गाबाय उतरली ती बोलतच, "बाय, येताना कसं झालं ठाव हाय? सूर्य बुडंचना! आमच्या फुडं फुडं आपला चालतोय."

समोरच्या दुकानातनं ते दुबईवाले व्यापारी ओरडले, "चढ असतो येताना! मी सांगत हुतो न्हवं?"

कुणी त्यांना काही समजावलं नाही. बाकावर सोमाकाका सकाळपासनं बसले होते. दुर्गाबायनं पोरीचं दुपटं सोडलं आणि पोरगी त्यांच्या मांडीवर दिली. ते उठले, हळूहळू पायरीपर्यंत आले आणि तिचे दोन्ही पाय, एवढेसे, पायरीवरच्या उन्हात टेकवले.

"हे आपलं ऊन," तिला म्हणाले. "वळखून ठेव."